नाही म्हणणाऱ्याचे दार

आमच्या वावराकडे जाणारी पांदण साधारण दीड किलोमीटर लांब आहे आणि तिचा शेवटचा दोनशे मीटरचा तुकडा अकरा वर्षे एका माणसाच्या होकारासाठी अडून राहिला होता. तो माणूस म्हणजे माझे वडील. गाव यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याच्या बाजूचे. जमीन काळी, भारी आणि चिकट. ही माती पावसाळ्यात काय करते हे ज्याने पाहिलेले नाही त्याला पांदणीचे मोल कळणे अवघड आहे. आषाढात बंडीचे चाक आसापर्यंत रुतते, बैल गुडघे टेकतात, चप्पल हातात घेऊन निघालेल्या माणसाच्या पायाला पावलागणिक पावशेर माती चिकटते, आणि ज्याला युरियाचे पोते डोक्यावरून वावरापर्यंत न्यावे लागते तो खताचा भाव दुकानातल्या पाटीपेक्षा दीडपट धरूनच हिशेब मांडतो. सोयाबीन काढणीला आले असताना परतीचा पाऊस गाठ पडला तर थ्रेशर पांदणीच्या तोंडाशीच उभे राहते आणि गंज्या वावरात भिजत पडतात. एका वर्षी त्या दोनशे मीटरच्या पलीकडे असलेल्या चार गंज्यांना कोंब फुटले. आमच्या वावराचा वरचा तुकडाही पलीकडेच आहे, त्यामुळे त्या चारांपैकी एक गंजी आमची होती.

२०१२च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने पांदण मोकळी करायचे ठरवले. पहिला मोठा भाग गावनकाशावर आहे; तो दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वर्षाला नांगराचे एकेक तास आत सरकत खाऊन टाकला होता, एवढेच. शेवटचे दोनशे मीटर मात्र नकाशात नाहीत. तिथे नुसती वहिवाट आहे, म्हणजे लोक आमच्या धुऱ्यावरून जात आले म्हणून जातात. एका सकाळी तिथे जेसीबी येऊन उभा राहिला. वडील धुऱ्यावरच्या बाभळीखाली होते. ते ओरडले नाहीत, आडवेही पडले नाहीत. यंत्राच्या समोर येऊन त्यांनी एवढेच म्हटले, "रस्त्याले माहा इरोध नाई. पन मले इचारलं कोनं?"

ग्रामसभेत ठराव झाला आहे, तुम्हीच आला नव्हता, असे सरपंचांनी सांगून पाहिले. वडील म्हणाले, "मी नोतो आलो, तं घरी याले पायजे होतं." जेसीबीचे भाडे तासावर चालू होते. दुपारपर्यंत बोलणी झाली आणि मग यंत्र आले तसे परत गेले. त्या दिवसापासून गावात आमच्या घराचा उल्लेख 'रस्ता अडवणाऱ्यांचे' असा होऊ लागला. मी तेव्हा यवतमाळला नोकरीला होतो. सणावाराला घरी आलो की पारावरची माणसे मला चहा पाजत आणि वडिलांना समजावून सांगण्याची गळ घालत. मी मान डोलावत असे. वडिलांना समजावण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

गावापुढे कायद्याची वाट मोकळी होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मागता येते, आणि वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ खाली तो मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. म्हणजे माझ्या वडिलांचा नकार काही अंतिम नव्हता. त्याच्यावर बसलेले कोणीतरी होते. दोघा धुरेकऱ्यांनी तसा अर्ज केलाही. तो अर्ज फेटाळला गेला असता तरी बरे झाले असते, कारण फेटाळलेल्या अर्जावर वर दाद मागता येते. पण त्याला 'नाही' असे कोणीच म्हटले नाही. आधी मोजणीचा नकाशा जोडायला सांगितला, मग साहेब बदलून गेले, मग निवडणुकीचे काम निघाले, मग मूळ कागद सापडेना. अर्ज कोणी अडवला असे विचारले तर बोट दाखवायला माणूस नव्हता. वडिलांनी अडवलेला रस्ता मात्र कोणी अडवला हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होते, आणि त्यांना शिव्या घालायच्या झाल्या तर त्यांचे दार कुठे आहे हेही.

या फरकाचा मी तेव्हा विचार केला नव्हता. इतरांसारखा मीही वडिलांवरच चिडलेला होतो. आपल्या भाषेनेही अशा माणसाची कधी गय केलेली नाही. एकट्याने सगळ्यांचे काम थांबवले की आपण म्हणतो, त्याने खोडा घातला, पाचर मारली, आडकाठी केली. तिन्ही वस्तू लाकडाच्या आहेत आणि तिन्ही वाटेत येतात. 'नकाराधिकार' हा शब्द वर्तमानपत्रांतून आला. तो पारावर कोणी बोलत नाही. ज्याला व्हेटो म्हणतात तो मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'मी मनाई करतो' एवढाच आहे. त्यात 'मी' आहे, हे मला पुढे महत्त्वाचे वाटू लागले.

हा शब्द ज्या रोममधून आला तिथे सामान्य प्रजेचे प्रतिनिधी इसवी सनापूर्वी ४९४ पासून निवडले जाऊ लागले, अशी परंपरा आहे. त्यांना ट्रिब्यून म्हणत. सरदार घराण्यातल्या अधिकाऱ्याने एखाद्या गरिबाला धरले, किंवा सभेत लोकांच्या मुळावर येणारा ठराव आणला, तर ट्रिब्यूनने मध्ये पडून मनाई करायची आणि काम तिथेच थांबायचे. त्याच्या अंगाला हात लावणे हे पाप मानले जाई. पण या अधिकाराबरोबर त्याच्यावर जी बंधने होती ती मला अधिकारापेक्षा मोठी वाटतात. त्याने एक रात्रही शहराबाहेर काढायची नाही आणि त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असले पाहिजे. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला ते बंद दिसता कामा नये. मनाई करायची तर स्वतः तिथे हजर राहून करायची; घरी बसून चिठ्ठी पाठवायची सोय नव्हती.

हे दार काढून टाकले की त्याच अधिकाराचे काय होते, याचा दाखला पोलंडने दिला. तिथल्या संसदेत, सेइममध्ये, कोणाही एका सभासदाने 'मला मान्य नाही' म्हटले तरी अधिवेशनाचे सगळे काम रद्द होत असे. १६५२ साली सिचिन्स्की नावाच्या एका सभासदाने अधिवेशन लांबवायला आक्षेप घेतला आणि तो सभागृह सोडून निघून गेला. बाकीच्यांना त्याचे मन वळवायलासुद्धा तो सापडला नाही. नियम नियमच, म्हणून अधिवेशन मोडले. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशी कितीतरी अधिवेशने मोडली, आणि शेजारच्या राजांना कळले की अख्खी संसद विकत घेण्याची गरज नाही, एक सभासद पुरतो. ३ मे १७९१च्या राज्यघटनेने ही पद्धत रद्द केली तेव्हा फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी उरलासुरला पोलंड वाटून घेतला. या गोष्टीचा दोष नेहमी एकट्याच्या नकाराला दिला जातो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो निघून जाणारा माणूस येतो. वडील आणि तो यांच्यात एवढे तरी अंतर आहे की वडील अकरा वर्षे रोज त्याच धुऱ्यावर उभे होते.

पण मी वडिलांची बाजू घेतो आहे असे कोणी समजू नये. त्यांच्या नकारामागे जी मोठी फट होती ती मला २०१७च्या जानेवारीत दिसली.

आमचे आबाजी २००९ मध्ये गेले. त्यानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावे चढली: माझे वडील, माझे काका आणि माझी आत्या. आत्याचे लग्न सत्तरच्या दशकातले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिलेलाच होता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. केंद्राने २००५च्या दुरुस्तीत ती अट काढली. त्यामुळे आत्या आता बरोबरीची हिस्सेदार होती, आणि काकांना विहिरीसाठी कर्ज काढायचे तर तिची सही हवी होती. विदर्भातल्या, किंवा कुठल्याही खेड्यात, यावर ठरलेला उपाय आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतात. ती दुय्यम निबंधकांसमोर अंगठा किंवा सही करते, तिला लुगडे नेसवतात, जेवू घालतात, आणि तिचे नाव सातबाऱ्यावरून उतरते. हा तिच्या आयुष्यातला एकमेव नकाराधिकार असतो आणि तो सोडून देण्यासाठीच तिला तो मिळालेला आहे असे सगळे धरून चालतात.

तो कागद घेऊन मला उमरखेडच्या बाजूला तिच्या गावी पाठवण्यात आले. मी शिकलेला, म्हणून. आत्याबाई ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी दुसरी परात माझ्यापुढे सरकवली आणि मीही सोलायला बसलो. शेंगा संपत आल्यावर मी वकिलाने टाइप करून दिलेला मसुदा काढला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. चौथीपर्यंतची शाळा, वाचन हळू, पण पक्के. 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' या शब्दांवर बोट थांबले.

"हे कोनं लेहलं?"

"वकिलानं, आत्याबाई. असंच लिहितात."

"माही खुशी त्या वकिलाले कशी समजली, बाबू?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कागद घडी घालून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुह्या बापाले याले पाय नाईत काय?" मग उठून चूल पेटवली. त्या रात्री सोल्यांची भाजी, भाकरी आणि तेलावर परतलेली हिरव्या मिरचीची चटणी असे जेवण झाले. जमिनीचा विषय पुन्हा निघाला नाही. सकाळी त्यांनी मला बसथांब्यापर्यंत पोचवले आणि सोल्यांची पिशवी हातात दिली.

एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आले की हे वाक्य मी आधी ऐकलेले आहे. धुऱ्यावर जेसीबीसमोर उभे राहून वडील जे बोलले होते तेच आत्या बोलली होती. आणि ज्या धुऱ्यासाठी वडिलांनी 'मले इचारलं कोनं' म्हणून गाव अडवले होते तो धुरा सातबाऱ्यावर तिच्याही नावाचा होता. वडिलांनी तो अडवताना तिला विचारले नव्हते. तो मोकळा करायची वेळ आली असती तरी विचारले नसते. घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. 'आत्या म्हणाली, आत्ता नाही' एवढा निरोप दिला. वडील म्हणाले, "तिले काय कमी हाय?" आणि काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू सही माझ्याच खिशात होती.

मला वाटते, वरच्या थरावरही भांडण असेच असते. फक्त तिथे लुगड्याऐवजी कलमे असतात. भारताच्या राज्यघटनेत व्हेटो हा शब्द कुठेही नाही. अनुच्छेद १११ सांगतो की संसदेने मंजूर केलेले विधेयक राष्ट्रपतींपुढे आले की त्यांनी संमती द्यावी, संमती रोखून धरावी, किंवा ते फेरविचारासाठी परत पाठवावे. परत पाठवायचे तर शक्य तितक्या लवकर, असे त्यात म्हटले आहे. पण काहीच न करण्याला मुदत घातलेली नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. त्याने नागरिकांची पत्रे अडवून उघडण्याचे अधिकार सरकारला मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९८७ साली त्यांची मुदत संपली तेव्हाही विधेयक तिथेच होते, आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. ज्या काळात खेड्यात पोस्टमन हाच पत्राचा वाचणाराही असे, त्या काळातल्या माझ्यासारख्याला या नकाराबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे, आणि वाटतेही. तरी त्या मौनाची मला थोडी भीती वाटते. चांगल्या हेतूने वापरलेला टेबलाचा हाच खण उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात असेल.

याउलट २००६ साली अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाविषयीचे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. म्हणजे नकार हरला. पण तो उघडपणे हरला. कोण काय म्हणाले हे देशाला कळले. राज्यपालांच्या बाबतीत अनुच्छेद २०० मधली अशीच मोकळी जागा अनेक वर्षे धुमसत आहे. तमिळनाडूच्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये राज्यपालांना मुदती घालून दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले की न्यायालय अशा मुदती ठरवू शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असेही धरता येत नाही. मात्र कारण न देता अनिश्चित काळ विधेयक दाबून ठेवले तर, निर्णय घ्या, एवढे सांगण्यापुरते न्यायालय लक्ष घालू शकते. मी वकील नाही. पण तालुक्याच्या खिडकीपाशी उभे राहून ज्याने 'साहेब मीटिंगला गेले' हे ऐकले आहे त्याला या वादातला कोणताही शब्द परका वाटणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबद्दल आपल्याकडे बोलताना आवाज लगेच चढतो, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. १९४५च्या सनदेतल्या २७व्या कलमातही व्हेटो हा शब्द नाही. पाच कायम सदस्यांची 'सहमतीची मते' लागतात, असे तिथे नम्रपणे म्हटले आहे. पाचांपैकी एकाचा हात वर गेला की बाकी चौदांचे मत वाया जाते, हे आपल्याला अन्यायाचे वाटते. पण डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातून भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, आणि डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाचे युद्ध चालू असताना युद्धबंदीचे ठराव आले, तेव्हा सोव्हिएत रशियाने वर केलेला हात आपल्याला अन्यायाचा वाटला नव्हता. खोडा कोणाच्या वाटेत आहे यावर त्याचे नाव ठरते. मला आवडलेली गोष्ट त्यामानाने लहान आहे. एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने ठरवले की कायम सदस्याने नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा ठेवायची. त्याने नकार रद्द होत नाही. नकार देणाऱ्याच्या दारात सगळे जग येऊन उभे राहते, इतकेच होते.

आमच्या भागातल्या बायकांना असा एक नकाराधिकार सरकारने कागदावर दिलेला आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गावातले परवान्याचे दारू दुकान बंद करायचे असेल तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यावे लागते, सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आडवी म्हणजे दुकान बंद. पण मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई आलीच नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. शेजारच्या गावात हे मतदान झाले ते नेमके कापूस वेचणीच्या दिवसांत. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवस बुडाला की त्या दिवसाची चूल कशी पेटायची हा प्रश्न. कित्येक जणी पहाटेच वावरात गेल्या होत्या, आणि काहींची नावे यादीत राहूनही लग्न होऊन त्या केव्हाच दुसऱ्या गावी गेल्या होत्या. केंद्रावर आलेल्या बायकांनी जवळजवळ एकमुखाने बाटली आडवी केली आणि तरीही ती उभी राहिली. त्या संध्याकाळी दुकानासमोर फटाके वाजले. ज्या नियमात गैरहजेरीलाच नकाराचे बळ मिळते तो नियम ज्याने लिहिला त्याने वेचणी कधी पाहिली नसावी, किंवा नीट पाहिली असावी.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा यांचे नाव त्यामुळे महाराष्ट्राला माहीत झाले. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. विनोबांनी ग्रामदानात ज्या सर्वसहमतीचा आग्रह धरला होता तिने घेते. प्रत्येकाच्या हाती नकार आहे, अगदी पोलंडच्या सभासदासारखा. तरी ते गाव मोडले नाही. २००९ मध्ये त्याने सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडून मिळेना म्हणून झुंज घेतली, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. माणसे एकमताची होती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. कोणतेही गाव एकमताचे नसते. फरक बसण्यात आहे. विषय पटला नाही तर पुढच्या सभेत पुन्हा घ्यायचा, मध्ये अभ्यास गटात बसून माहिती काढायची, आणि ज्याला पटले नाही त्यानेही तिथेच बसून राहायचे. सिचिन्स्कीला मेंढ्यात निघून जाता आले नसते. संध्याकाळी त्याला त्याच विहिरीवर यावे लागले असते.

आमचे गाव मेंढा नव्हे. आमच्याकडे ठराव आधी लिहिला जातो आणि सभा नंतर भरते.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत आत्याचे यजमान गेले. रस्ते बंद होते, कोणालाच जाता आले नाही. वाहतूक सुरू झाल्यावर वडील एकटेच निघाले. त्यांनी बरोबर कागद नेला नाही, हे मी पाहिले. चार दिवस ते तिथे राहिले. काय बोलणे झाले ते दोघांपैकी कोणीही आजवर सांगितलेले नाही. परत आल्यावर त्यांनी काकांना बोलावून सांगितले की धुऱ्याकडचा एक एकर बहिणीच्या नावाने वेगळा काढायचा, बाकीच्यावर ती सही देते आहे. काकांनी तोंड वाकडे केले. वर्षभरात वाटणी झाली, फेरफाराची नोटीस लागली, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि आत्याबाईंचा स्वतंत्र सातबारा निघाला. काकांची विहीरही झाली.

त्यामुळे पांदणीच्या शेवटच्या दोनशे मीटरची मालकीण बदलली. २०२३च्या उन्हाळ्यात नव्या सरपंच बाई, दोन धुरेकरी आणि वडील असे चौघे भाड्याची गाडी करून आत्याबाईंच्या दारी गेले. मी गाडीत मावत नव्हतो. मोटारसायकलने मागून गेलो. या वेळी त्यांनी परात पुढे सरकवली नाही, सतरंजी अंथरली. सरपंच बाईंनी रस्त्याची लांबी, रुंदी, मुरूम सगळे सांगितले. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"मुरूम टाकला का रस्ता उच्चा होईन. मंग माह्या वावरातलं पानी कोनीकून जाईन?"

सगळे गप्प झाले. आमचे वावर उताराचे आहे आणि वरचे पाणी त्या धुऱ्यावरूनच नाल्याकडे उतरते. रस्ता झाला असता तर तो बांध झाला असता आणि पहिल्याच झडीत तो एकर, आणि त्याच्या वरचा आमचाही तुकडा, चिभडला असता. वडिलांनी अकरा वर्षे रस्ता अडवला, पण हे त्यांच्याही मनात आले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आत्याबाई लग्नाआधी त्याच वावरात निंदणाला जात. पाणी कुठे तुंबते हे त्यांच्या पायांना माहीत होते. सखल कोपऱ्यात दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकायचा असे ठरले, संमतिपत्रात ते लिहिले गेले, आणि त्यांनी पुन्हा एकदा एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचून मग सही केली.

त्या जुलैत मी गावी गेलो तेव्हा झड लागलेली होती. रस्त्यावर मुरूम दबून बसला होता आणि थ्रेशर जाईल इतकी रुंदी झाली होती. वडील डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सखल कोपऱ्यात उकिडवे बसले होते. पाइपातून गढूळ पाणी धो धो नाल्याकडे जात होते, पण अलीकडच्या तोंडाशी घोटाभर पाणी साचूनच होते. मला पाहून त्यांनी त्या साचलेल्या पाण्याकडे बोट केले.

"पाइप चार बोटं उच्चा बसवला," ते म्हणाले. "मले इचारलं कोनं?"